बारीक आवाज

भाकरीची थाप ऐकू येत होती, ओवी ऐकू येत नव्हती.

पदमपुऱ्यातल्या आपल्या घरात बन्सी मिस्त्री भिंतीला टेकून बसला होता, हातात चहाची बशी. समोर मनकर्णाबाई परातीत भाकरी थापत होती. तिची मान लयीत हलत होती, ओठ हलत होते, म्हणजे ती गात होती. थापेचा जाड आवाज बन्सीच्या छातीपर्यंत पोचत होता. गाण्याचे शब्द मात्र मधेच कुठं तरी सांडत होते, फाटक्या पोत्यातून ज्वारी सांडावी तसे.

बारीक आवाज आधी गेले होते. मनकर्णाबाईच्या बांगड्या गेल्या, मग चिमण्या, मग कुकरची शिट्टी. त्याच्या गावची, देवगाव रंगारीतली पोरं जशी एकेक करून शहराला निघून गेली, आणि एके दिवशी पाराकडं बघितलं तर म्हातारेच उरलेले, तसं झालं होतं. कानात आता फक्त म्हातारे आवाज उरले होते. बुलेटचा, ढोलाचा, ढगाचा.

"ऐकलं का मी काय म्हनले?" मनकर्णाबाईनं तोंड वर केलं.

"व्हय की."

"काय म्हनले?"

बन्सीनं बशी तोंडाला लावली.

"भानूताईवर ओवी केली म्या. रातभर जुळवीत व्हते. तुमचंबी नाव घातलंय तिच्यात. अन् तुमी निस्ती मान हलवताय नंदीबैलावानी! कवाचं सांगतीया, कानाच्या डाक्तरला दावा म्हणून."

"माझ्या कानाला काय धाड भरलीय? अख्खी हयात कानावर काढली म्या."

"म्हनूनच म्हनते," ती म्हणाली. हे त्याला ऐकू आलं, कारण ते ती त्याच्याकडं तोंड करून म्हणाली.

बन्सी उठला. पत्र्याची हत्यारपेटी उचलली. फडताळातून एक जाडसर पुडकं काढलं, प्लास्टिकमधे गुंडाळलेलं, त्यावर सुतळी. नगरकडचा एक जुना स्पेअर पार्टवाला दुकान मोडत होता, त्याच्याकडून आणलेला फियाटचा नवाकोरा कार्ब्युरेटर होता तो. एकदाही इंजिनावर न बसलेला. तो बन्सीनं एकाच गाडीसाठी राखून ठेवला होता, आणि ती गाडी आज अडली होती.

गाडी समर्थनगरच्या आप्पासाहेब वकिलांची. आप्पासाहेबांच्या पत्नी भानुमतीबाई गेल्या आठवड्यात गेल्या. उद्या त्यांचा दहावा होता. कायगावला गंगेवर जायचं होतं. या मुलखात गोदावरीला सगळे गंगाच म्हणतात. आप्पासाहेबांचं मागणं एवढंच होतं, की भानूच्या अस्थी तिच्या फियाटमधून जाव्यात, पुढच्या सीटवर. सगळा जन्म ती त्या सीटवर बसली होती. खिडकीत कोपर ठेवून, पदर वाऱ्याला देऊन, नवऱ्याला म्हणत, "हळू चालवा, कोर्ट पळून जात नाही."

आणि त्या घरची एक रीत होती. अस्थी घेऊन गाडी निघाली की नदीपर्यंत थांबवायची नाही. चहाला नाही, कुणी हात केला तरी नाही. मधे थांबलं की गेलेल्या जिवाला कळत नाही, आपलं घर मागं आहे की पुढं.

गाडी मात्र पावसाळ्यापासून थांबण्याखेरीज काही करत नव्हती. वेग जरा कमी केला की गप्प. जुन्या कार्ब्युरेटरचा दांडा झिजून सैल झाला होता. हवा कुठून यावी आणि पेट्रोल किती यावं याचा त्याला मेळच राहिला नव्हता.

*

समर्थनगरच्या अंगणात कडुलिंब होता. त्याच्या खालच्या फांदीला पांढऱ्या कापडात बांधलेलं मडकं टांगलेलं होतं. अस्थी घरात न्यायच्या नसतात, म्हणून भानुमतीबाई दारात होत्या. वारा आला की मडकं किंचित हलायचं. त्याच झाडाखाली निळी फियाट उभी होती, बॉनेट उघडं टाकून.

बन्सीनं आधी मडक्याला हात जोडले, मग गाडीला हात लावला.

"आलास?" आप्पासाहेब पायरीवर बसले होते. दाढी वाढलेली, धोतराचा सोगा धुळीत. जन्मभर ज्यांच्या इस्त्रीला धक्का लागला नाही ते आप्पासाहेब. "होईल ना रे?"

"न व्हायला काय झालं? ताईची गाडी हाय."

त्यांची मुलगी तनुजा बाहेर आली. पुण्याला असते, आईच्या आजारपणापासून इथंच होती. तिची मोठी पांढरी गाडी फाटकाबाहेर उभी होती.

"बन्सीकाका, मी बाबांना पुन्हा पुन्हा सांगतेय. माझ्या गाडीतून जाऊ. दहा वेळा थांबली तर? आईला घेऊन वाळूजच्या ट्रॅफिकमधे उभं राहायचं का?"

"तुझ्या गाडीला तिचा हात लागलेला नाही," आप्पासाहेब म्हणाले.

"बाबा, पण—"

"तनू," बन्सी म्हणाला, "मला दुपारपातुर टाइम दे. नाय जमलं तर मी सोता ताईला तुझ्या गाडीत बसवतो. मग तर झालं?"

तनुजानं ओठ दाबले, मान डोलावली आणि आत जाऊन दोघांना चहा आणला. तिनं ट्रे मडगार्डवर ठेवला, आईसारखाच. बन्सीचं लक्ष त्या ट्रेवर क्षणभर अडकून राहिलं.

मग तो कामाला लागला. हवा गाळायचं भांडं उतरवलं. पेट्रोलची नळी काढून तिच्या तोंडात कापडाचा बोळा घातला. चोकची तार सोडली, रेसचा दांडा सोडला, खालचे दोन नट ढिले केले. जुना कार्ब्युरेटर हातात आला तेव्हा तो तळहातावर घेऊन बन्सीनं त्याचा दांडा हलवला. खुळखुळत होता म्हाताऱ्याच्या दातासारखा. "लई केलंस बाबा," असं म्हणून त्यानं तो फडक्यावर ठेवला, टाकला नाही.

इंजिनावरची बसायची जागा खरवडून आरशासारखी केली. नवं पॅकिंग बसवलं. नवा कार्ब्युरेटर त्यावर अलगद उतरवला, जसं झोपलेलं पोर खांद्यावरून गादीवर उतरवावं. आता नट पिळायचे.

नट पिळायची विद्या त्याला शहागंजच्या गफूर उस्तादनं दिली होती. उस्ताद लोखंडाशी दखनीत बोलायचे, आणि शागिर्दांशीही. "आँखाँ से नक्को देख बन्सी, कानाँ से देख. नट बैठा तो पाना बोलता. पाना बोल्या के रुक जाने का. आगे नक्को." खरंच पाना बोलतो. नट पुरता बसला की लोखंड बारीकसं करकरतं, जात्यात शेवटचा दाणा फुटावा तसं. तो आवाज आला की बन्सीचा हात आपोआप थांबायचा. किती जोर लावला याचा हिशोब त्यानं कधी केला नाही. हिशोब कानाकडं होता.

त्यानं डावा नट पिळला. पाना बोलायची वाट बघितली. बोलला नाही. आणखी थोडं पिळलं. नवा माल आहे, घट्ट असेल, असं वाटून आणखी थोडं. मग उजवा. तोही मुका. मनात ताई होत्या, उद्याची वाट होती, वाटेत काही सैल राहायला नको होतं. हात जरा जास्तच विश्वासानं चालला.

तारा जोडल्या, दांडे जोडले. पेट्रोलपंपाची दांडी हातानं दाबून दाबून कार्ब्युरेटरच्या पोटात पेट्रोल भरलं. "मारा सेल्फ, आप्पासाहेब!"

आप्पासाहेब गाडीत बसले. इंजिन खोकललं, एकदा, दोनदा, आणि मग धरलं. कडुलिंबाची पानं थरथरली. बन्सीनं पेचकस घेऊन स्लोचा, म्हणजे उभ्या गाडीचा वेग ठरवणारा स्क्रू फिरवला, मग हवेचा. मडगार्डवर तळहात ठेवून तो ऐकत राहिला. जाड आवाज तर सगळा होता, भरलेला, गोल. थोडं वर-खाली होत होतं खरं, पण नव्याला सवय व्हायला वेळ लागतो. त्यानं स्लो जरा वाढवून ठेवला.

"झालं," तो म्हणाला. आणि पाना फडक्यात गुंडाळू लागला.

तेव्हाच त्याला दिसलं. तनुजा बॉनेटजवळ आली होती. तिनं कपाळाला आठी घातली, कान इंजिनाकडं केला आणि बापाकडं वळून काही तरी बोलली. काय बोलली ते बन्सीला ऐकू आलं नाही. पण गाडीतून उतरलेल्या आप्पासाहेबांनी तिच्या मनगटावर हात ठेवला. हलकेच दाबला. एवढंच. मग बन्सीकडं बघून ते हसले, "झकास, बन्सी. बोलायला लागली की रे!"

तो हात बन्सीनं पाहिला होता. असा हात त्याला ठाऊक होता. आजारी माणसाच्या खाटेजवळ बसलेली माणसं एकमेकांना असाच हात लावतात. आता नको, त्याच्यासमोर नको.

इंजिन चालू होतं. बॉनेट खाली ओढलं असतं तर कुणी काही म्हणालं नसतं. चहा झाला होता, वाखाणणी झाली होती. सायकलवर टांग मारून घरी जायचं. बन्सी मिस्त्रीचा कान, असं लोक म्हणत होते ते उद्याही म्हणत राहिले असते. निदान उद्या सकाळपर्यंत. मग कुठं तरी, लिंबेजळगावच्या पुढं, ढोरेगावच्या गतिरोधकावर गाडी गप्प झाली असती. आणि ताई पुढच्या सीटवर बसून राहिल्या असत्या, ना घरच्या ना नदीच्या.

वाऱ्यानं फांदीवरचं मडकं हललं.

बन्सीनं गुंडाळलेलं फडकं पुन्हा सोडलं.

"तनू, काय म्हनलीस आत्ता बापाला?"

"काही नाही काका."

"व्हट हलले तुझे. म्या बघितलं."

तनुजानं आप्पासाहेबांकडं पाहिलं. आप्पासाहेब चष्मा पुसू लागले.

"सांग माय. मला ऐकू येत नाय," बन्सी म्हणाला.

बोलून झाल्यावर त्याला वाटलं, हे आपण बोललो की आणखी कुणी? मनकर्णाबाईपुढंही हे वाक्य त्याच्या तोंडून कधी निघालं नव्हतं. "जाड येतं. बारीक गेलं. लई दिस झाले. आता काय वाजतंय ते मला सांगा. ताईच्या वाटंचा सवाल हाय."

तनुजानं पुन्हा एकदा इंजिनाकडं कान नेला.

"शीळ वाजतेय, काका," तनुजा हळू म्हणाली. मग समोर येऊन, मोठ्यानं, "शीळ. कुकर होण्याआधी फुसफुसतो तशी."

बन्सीनं मान हलवली. या खेपेला नंदीबैलासारखी नाही.

"मला ठाऊक होतं रे," आप्पासाहेब म्हणाले. "शीळ नव्हे, तुझ्या कानाचं. भानूनं सांगितलं होतं. गेल्या दिवाळीला म्हणाली, बन्सीभाऊंना पाठीमागून हाक मारत जाऊ नका. समोर जाऊन बोला. आणि हे कुणापाशी काढू नका." त्यांनी पुसलेला चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "आता तीच नाही. तिचा शब्द मोडायचा कसा, म्हणून हिला गप्प केलं."

बन्सीला आठवलं. गेलं वर्षभर ताई चहा आणायच्या तेव्हा मागून यायच्या नाहीत. अख्ख्या गाडीला वळसा घालून समोर यायच्या. ट्रे मडगार्डवर ठेवायच्या, तो वर बघेपर्यंत थांबायच्या, आणि मग म्हणायच्या, "बन्सीभाऊ, घ्या." त्याला वाटायचं, ताईला गाडीभोवती फिरायची हौस.

त्यानं गळ्यातल्या पंच्यानं तोंड पुसलं. तोंडाबरोबर डोळेही पुसले गेले.

"वाटीत पानी आन तनू. अन् चमचा."

तिनं आणलं. "आता माझ्या हाताखाली बघ. कुठून येती शीळ?"

तनुजा वाकली, केस मागं धरून. "इथं नाही... इथंही नाही. खाली. हा नट आहे ना, त्याच्या शेजारी."

"सोड तिथं थेंब थेंब."

पाणी त्या फटीवर पडलं, आणि फटीनं ते पिऊन टाकलं. त्या घोटासरशी इंजिनाचा आवाज खाली उतरला, शांत झाला. पाणी संपलं तशी पुन्हा धडधड वर चढली. एवढं मात्र बन्सीला स्पष्ट ऐकू आलं. ते जाड होतं.

"बंद करा," तो म्हणाला. आणि मग, कुणाला उद्देशून ते त्यालाही माहीत नव्हतं, "पाना बोलला आसंल. मला कळलंच नाय. म्या पुढं पिळत गेलो."

जास्त पिळल्यानं नव्या कार्ब्युरेटरचा तळ वाकला होता. नखाएवढा पण नाही, त्याहून कमी. पण हवेला तेवढं दार पुरतं. कार्ब्युरेटर पुन्हा उतरवला. सपाट काच हवी होती. तनुजानं हॉलमधल्या टेबलावरची काच उचलून आणली. तिच्याखाली भानुमतीबाईंनी सरकवलेले फोटो टेबलावर उघडे पडले, आणि आप्पासाहेब आत जाऊन त्यांच्यावर वर्तमानपत्र घालून आले, वारा लागू नये म्हणून.

बन्सीनं काचेवर बारीक पॉलिशकागद अंथरला आणि तळ घासायला बसला. गोल, गोल, मग आडवा. मधे थांबून बोटानं चाचपायचं. या कामाला कान लागत नाहीत. बोटं अजून शाबूत होती. घासताना त्याचं अंग पुढं-मागं डुलत होतं, जात्यावर बसलेल्या बाईसारखं. दुपार अंगणातून सरकत कडुलिंबाच्या बुंध्याला लागली. कुणी घाई केली नाही.

नवं पॅकिंग घातलं. कार्ब्युरेटर जागेवर बसला. बन्सीनं पाना नटाला लावला आणि मान वर केली.

"आप्पासाहेब, या इकडं. कान आना."

"मी?"

"मंग कोन? पाना मी धरतो. करकरला की सांगा. बारीक करकरंल, दाणा फुटल्यागत. लगीच सांगा."

आप्पासाहेब वाकले. दोघा म्हाताऱ्यांची डोकी बॉनेटखाली एकमेकांना लागली. बन्सी पिळत गेला, अगदी हळू.

"बोलला!" आप्पासाहेब ओरडले.

बन्सीचा हात जागच्या जागी थांबला. मग दुसरा नट. थोडा हा, थोडा तो.

"हाही बोलला." या वेळी ते ओरडले नाहीत. कोर्टात तासन् तास बोललेल्या माणसाचा आवाज दोन शब्दांवर फुटला. "भानूला कळलं असतं रे, मला सांगायच्या आधी."

"व्हय," बन्सी म्हणाला.

गाडी चालू झाली. आप्पासाहेबांनी डोळे मिटून ऐकलं. तनुजानं ऐकलं.

"शीळ नाही," आप्पासाहेब म्हणाले.

"मन राखायला म्हनत नाय ना?"

"नाही रे बाबा. शपथेवर सांगतो."

बन्सीनं स्लोचा स्क्रू उलटा फिरवून खाली आणला, आणखी खाली. इंजिन बसल्या जागी संथ घुमू लागलं. त्यानं तनुजाकडं बघितलं. ती कडुलिंबाखाली उभी होती, मडक्याला न शिवता त्याच्याजवळ हात धरून, वाऱ्यानं फार हलू नये म्हणून.

"उद्या माझी गाडी इथंच राहू दे," ती म्हणाली. त्याच्यासमोर येऊन म्हणाली.

*

सकाळी उन्हं कोवळी असताना फियाट निघाली. चालवायला आप्पासाहेब. शेजारच्या सीटवर भानुमतीबाई, त्यांच्याच हिरव्या साडीत गुंडाळलेल्या, मागून तनुजाचा हात मडक्याला. मागं तनुजाजवळ मनकर्णाबाई, आणि खिडकीशी बन्सी, पायांत हत्यारपेटी.

पुढच्या खिडकीची काच खाली होती. भानुमतीबाई बसायच्या तशीच.

वाळूजला कंपन्यांच्या बस आडव्या आल्या. गाडी रांगेत सरकत राहिली, अगदी मुंगीच्या पावलानं, पण बंद पडली नाही. दर गतिरोधकावर आप्पासाहेब आरशातून मागं बघायचे आणि मान किंचित हलवायचे. शीळ नाही. बन्सीही मान हलवायचा. लिंबेजळगाव गेलं. कपाशीची शेतं दोन्ही अंगांनी मागं पळत होती. ढोरेगावच्या गतिरोधकावर वेग पार तुटला, इंजिन खाली खाली आलं. मनकर्णाबाईनं नवऱ्याचा हात धरला. इंजिन तिथं घुमत राहिलं, थांबलं नाही, आणि पुन्हा उचललं.

कायगावला काठावर आप्पासाहेबांनी ब्रेक दाबला. किल्लीवर हात ठेवून मागं वळले. पूर्ण तोंड वळवून, बन्सीला दिसेल असं.

"बंद करू?"

"राहू द्या वाईच," बन्सी म्हणाला.

तेवढा वेळ सगळे बसून राहिले. इंजिन संथ चालत होतं. पुढच्या सीटवरच्या हिरव्या साडीचा पदर त्याच्या थरथरीनं अगदी बारीक हलत होता. मग आप्पासाहेबांनीच किल्ली फिरवली, आणि मडकं छातीशी धरून ते उतरले. तनुजा त्यांच्या कोपराला धरून घाटाकडं गेली. भटजी वाट बघत होते.

बन्सी गाडीपाशीच थांबला. गरम बॉनेटवर त्यानं तळहात टेकला. मनकर्णाबाई शेजारी येऊन उभी राहिली. घाटावर चाललेल्या त्या दोघांकडं बघत तिनं ओठ हलवायला सुरुवात केली.

"थांब," बन्सी म्हणाला. "अशी नको. माझ्याकडं तोंड कर. अन् हळू म्हन, पळू नको."

ती वळली. नवऱ्याच्या तोंडाकडं तिनं असं बघून कधी ओवी म्हटली नव्हती. ओवी जात्याकडं बघून म्हणायची असते, नाही तर भाकरीकडं. तिनं पदर सारखा केला.

"निघाली माझी सई, तिच्या वाटंला वारा दे
गंगेच्या पान्यामंदी तिच्या दिव्याला थारा दे.

बन्सी गं तिचा भाऊ, रथाला देतो हात
बहीन चालली गंगेला, तिला भावाची सोबत."

"आली का?" तिनं विचारलं.

"समदी नाय आली." त्यानं घाटाकडं बघितलं. आप्पासाहेब पाण्यात गुडघाभर उतरले होते. "गंगा आली. माझं नाव आलं. बाकीची तू उद्या डाक्तरकडं जाताना म्हन. वाटंत."

मनकर्णाबाईनं त्याच्या शेजारी, गाडीच्या गरम पत्र्यावर आपला हात ठेवला.